लाल फितीतली करटुली

माझ्याइतकं पद्धतशीर काम आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात कुणी करत नाही. हे मी स्वतः सांगायला नको, पण दुसरं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनासुद्धा क्रमांक आहेत. घरी पाहुणे आले की नवरा त्यांना सांगतो, "निकिताच्या घरात बिनक्रमांकाचा मी एकटाच." त्यामुळे पारनेरच्या डोंगरातलं काम दोन फेऱ्यांत उरकून येते, असं मी माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक औटी मॅडमना सांगितलं तेव्हा ती बढाई आहे असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

काम होतं रानातल्या करटुलीचं. पावसाळ्यात नगरच्या बाजारात बायका हिरवी, काटेरी, लिंबाएवढी फळं टोपलीत घेऊन बसतात आणि सोन्याच्या भावात विकतात, तीच ही करटुली. माळावर, बांधावर, दगडाच्या फटीत हिचा कंद वर्षभर झोपलेला असतो. पाऊस पडला की वेल वर येतो. दिसायला सगळे वेल सारखे. पण आत, डीएनएमध्ये, ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते मला शोधायचं होतं. हा वेगळेपणा ओळखायला काही खुणा लागतात. त्यांना आम्ही मार्कर म्हणतो. मी प्रयोगशाळेत खपून खपून माझे मार्कर तयार केले होते.

अडचण एवढीच होती, की ते काही दाखवतच नव्हते. कॉलेजमागच्या टेकडीवरचे वेल आणून तपासले, तर तपासणीत उमटणाऱ्या सगळ्यांच्या डीएनएच्या पट्ट्या एका रांगेत, शाळेतल्या कवायतीसारख्या. औटी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"निकिता, एक तर तुझे मार्कर आंधळे आहेत, नाहीतर हे सगळे वेल सख्खी भावंडं आहेत. यातलं खरं काय ते या पावसाळ्यात शोध. पुढच्या पावसाळ्यापर्यंत विद्यापीठ थांबणार नाही. तुझी मुदत एकदा वाढवून झाली आहे, आता वाढणार नाही."

म्हणजे मार्कर आंधळे निघाले तर माझा प्रबंध गेला. मी नकाशा काढला, आखणी केली आणि सावळदरा नावाचं पारनेरच्या बाजूचं एक गाव निवडलं. योजना अशी होती: पहिल्या फेरीत डोंगराच्या उतारावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ रेषेत कोवळे वेल निवडायचे. प्रत्येकाला लाल फीत बांधायची आणि फितीवर क्रमांक टाकायचा. वेल फुलावर आले की दुसरी फेरी. करटुलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो, आणि ते फुलाशिवाय कळत नाही. तेव्हा फुलं बघायची, पानं तोडायची, पुड्यांत भरायची आणि नगर गाठायचं. फिती मी कापड बाजारातून आणल्या होत्या, चांगल्या चकचकीत.

पहिल्या फेरीत सगळं घड्याळासारखं झालं. स्कूटी पायथ्याला लावली आणि फिती बांधत वर निघाले. प्रत्येक वेलापाशी थांबून मोबाईलमध्ये जागेची नोंद करत होते. खालच्या शेताचा मालक बांधावर उभा राहून बराच वेळ बघत होता. कारभारी त्यांचं नाव. डोक्यावर टोपी, तोंडात तंबाखू.

"मॅडम, कशाचं चाललंय?"

"मार्किंगचं."

"सरकारी हाय का?"

"विद्यापीठाचं आहे. म्हणजे सरकारीच."

"मंग ही लाईन कुठवर जानार?"

"पायथ्यापासून थेट वरपर्यंत. सरळ न्यायची, कुठं वाकवायची नाही."

"आन मधी कुनाचं रान आलं तर?"

"आलं तर आलं," मी म्हणाले. "रेषा महत्त्वाची."

कारभारींनी तंबाखू थुंकली आणि लगबगीनं गावाकडं निघाले. एका शेतकऱ्याला आपण संशोधनाची पद्धत किती सोप्या शब्दांत समजावली, या समाधानात मी नगरला परतले.

फुलं येण्याच्या सुमाराला दुसरी फेरी केली. डोंगरावर एकही फीत नव्हती. वेल होते, पण शेकडो, आणि सगळे एकसारखे. मी रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चढले, उतरले. मोबाईलमधल्या नोंदी दाखवत होत्या की मी अगदी बरोबर जागेवर उभी आहे, मात्र जरा इकडंतिकडं धरून. त्या 'जरा'मध्ये करटुलीचे चार-पाच वेल सहज मावत होते.

उतरताना कारभारींच्या शेतावर नजर गेली. शेत लग्नघरासारखं सजलं होतं. सीताफळाला लाल फीत. लिंबाला लाल फीत. बाभळीला, विहिरीच्या कठड्याला आणि गोठ्याच्या खांबालासुद्धा.

"या मॅडम, चहा टाकलाय," कारभारी जणू वाटच बघत होते.

"कारभारी, माझ्या फिती इथं कशा आल्या?"

"वाऱ्यानं आल्या आसतील."

"गाठी मारून?"

"आमच्याकडं वारं लई हाय. उगं पवनचक्क्या लावल्यात का?" त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हातानं शेत दाखवलं. "ही आंब्याची बाग तेवढी ध्यानात घ्या. धा वर्साची झाडं हायेत."

मी बघितलं. गुडघ्याएवढी रोपं होती. त्यातल्या दोन-तीन रोपांच्या बुडाशी रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती.

"दहा वर्षांत एवढीच वाढली?"

"पानी कमी पडतंय."

मी चहा संपवून कपबशी खाली ठेवली. तेवढ्यात एक म्हातारी तरातरा आली आणि माझ्या स्कूटीच्या पुढच्या चाकाला पाठ टेकून जमिनीवर बसली. नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात खुरपं. ही झुंबरबाई. तिचं घर पायथ्याला, माझ्या रेषेच्या बरोबर मधे होतं. रेषा काढताना मी त्याला वळसा घातला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

"माझ्या चुलीवरनं रस्ता न्यायचा तर आधी मला हितनं उचला," ती म्हणाली.

"कसला रस्ता?"

झुंबरबाईनं खुरप्यानं डोंगराकडं दाखवलं.

"बायपास," कारभारी हळूच म्हणाले. "सुप्याहून थेट. सगळ्या गावाला ठाव हाय."

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. लाल फिती म्हणजे रस्त्याची आखणी. सरकारी मॅडम एकटी येऊन गुपचूप करून गेली, म्हणजे आखणी पक्की. ज्यांना मोबदला हवा होता त्यांनी रात्रीतून फिती आपल्या शेतात आणल्या. ज्यांना रस्ता नको होता त्यांनी आपल्या शेताजवळच्या फिती उचलून लांब नेऊन टाकल्या. काही फिती तर दोन्ही बाजूंनी बऱ्याचदा हिंडून आल्या होत्या. कारभारींनी रस्त्याकडेच्या हॉटेलचं नावही ठरवून ठेवलं होतं.

"अहो, रस्ता नाही," मी म्हणाले. "मी करटुलीचा अभ्यास करायला आलेय."

"करटुलीचा," झुंबरबाई जागची न हलता म्हणाली, "आभ्यास. आन मी कलेक्टर."

शेवटी सरपंच अजिनाथ मोटारसायकलवर आले आणि सगळ्यांना समाजमंदिरात घेऊन गेले. माणूस तरुण आणि भला, पण बोलायला लागला की अडखळायचा. "काय हाय ना, मॅडम," ते म्हणाले, "काय हाय ना, तुमी एकदा सगळ्यांफुडं खुलासा केलेला बरा."

मी उभी राहिले. समोर अर्धं गाव होतं. वर्गात साठ पोरं शांत करणाऱ्या बाईला हे काय जड, असं मनाशी म्हणाले आणि स्वच्छ सांगून टाकलं, की रस्ता वगैरे काही नाही. हॉलमध्ये उसासा पसरला. निम्मा सुटकेचा, निम्मा दुःखाचा. कारभारींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग फिती कशाला?" कुणीतरी विचारलं.

इथं मला वाटलं, शास्त्रीय शब्द नकोत, सोपं बोलावं. म्हणून मी म्हणाले, "तुमच्या डोंगराच्या जमिनीवर जे आहेत ना, त्यांचं मी मशीनवर कूळ शोधतेय."

हॉल असा शांत झाला, की बाहेरची शेळी ऐकू आली.

माझ्या वाक्यात 'वेल' हा शब्द राहून गेला होता, हे मला नंतर कळलं. आणि सावळदऱ्यात कूळ म्हटलं की एकच अर्थ, जमीन कसणारं कूळ. कारभारींच्या वडिलांनी झुंबरबाईच्या सासऱ्याचं डोंगराकडचं रान कधीकाळी कसलं होतं. त्यावरून दोन्ही घरांचा बोलाचालीचा संबंध अनेक वर्षं बंद होता. आणि मी तो भर सभेत सुरू करून दिला.

"ह्याच्या बापाचं नाव सातबाऱ्यावर लावायला आलीस व्हय गं?" झुंबरबाई उठली. खुरपं अजून हातातच होतं.

कारभारींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. चेहरा उजळला होता. "मॅडम, आमचा बाप तिथं कसत हुता हे तुमच्या मशीनवर दिसंल का?"

"मी वकिलाला फोन लावते. माझा भाचा नगरच्या कोर्टात हाय."

"लाव की. मशीन खोटं बोलत न्हाई."

"अहो, वेलांचं कूळ," मी ओरडले. "करटुलीच्या वेलांचं."

पण आता ऐकतंय कोण? सरपंच टेबलावर हात आपटत होते. "काय हाय ना, काय हाय ना, मंडळी, काय हाय ना, शांत ऱ्हावा." आणि त्या गोंगाटात मला एकदम वाट दिसली.

"एक मिनिट," मी म्हणाले. "सरपंच बोलताना 'काय हाय ना' किती वेळा म्हणतात?"

गोंगाट थांबला. हा प्रश्न गावाच्या आवडीचा होता.

"साधं बोलताना दोनदा," मागून कुणीतरी म्हणालं.

"सभेत तीनदा."

"आमदार आल्यावर इचारूच नका."

"आणि त्यांचे थोरले भाऊ?"

"त्यो एकदाच म्हनतो. पन लांबवून."

"म्हणजे डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळेल," मी म्हणाले. "करटुलीचं तसंच आहे. प्रत्येक वेलाच्या आत एक लांबलचक मजकूर असतो. त्यात मधेमधे एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. एका वेलात तो पाचदा येईल, दुसऱ्यात नऊदा. माझे मार्कर तेवढंच मोजतात. त्यावरून कळतं की कुठला वेल कुणाचा भाऊबंद आणि कुठला परका. सातबाऱ्याचा यात काही संबंध नाही."

सगळ्यांनी सरपंचांकडं बघितलं. ते आधी लालबुंद झाले. मग मान हलवून म्हणाले, "काय हाय ना, काय हाय ना, मॅडमचं बरोबर हाय." हॉल हसायला लागला. झुंबरबाईनं खुरपं कमरेला खोचलं. हसली मात्र नाही.

गावाचा संशय फिटला, पण माझं काय? फुलं थोडेच दिवस टिकतात. सरपंचांनी माझा पडलेला चेहरा बघितला आणि दवंडी दिली, की ज्यानं ज्यानं फीत हलवली असेल त्यानं सकाळपर्यंत करटुलीला बांधून टाकावी. कुणालाही काही विचारलं जाणार नाही.

सकाळी येऊन बघते तर मी आणल्या होत्या त्यापेक्षा फिती जास्त झालेल्या. ज्यांच्याकडं फीत नव्हती त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली होती, आपल्याकडून मदत कमी पडू नये म्हणून. डोंगरउतारावर फिती, शेतांच्या बांधांवर फिती, ओढ्याकाठी फिती, तोंडलीच्या मांडवावर फिती. एका वासराच्या गळ्यातली फीत तर क्रमांकासकट माझीच होती. माझी सरळ रेषा आता गावभर सांडली होती. मी एका दगडावर बसले आणि थोडी रडलेसुद्धा. पद्धतशीर माणसाला रडतानाही रुमाल घडीचा लागतो, तो शोधण्यात रडू ओसरलं.

मग ठरवलं, रेषा गेली खड्ड्यात. जिथं फीत असेल आणि वेल खरोखर करटुलीचा असेल, तिथलं पान घ्यायचं. दिवसभर उतारावर आणि बांधाबांधानं हिंडले. कारभारी पुढं चालत तोंडली आणि करटुली वेगळी करून देत होते आणि मधूनमधून, एखादा रस्ता पुढंमागं होणारच नाही का, असं विचारत होते.

संध्याकाळच्या आत पुड्या भरून स्कूटीला लावत होते, तेव्हा झुंबरबाई आली. इकडंतिकडं बघत म्हणाली, "माझ्या घराम्होरल्या फिती तुला घावल्या का?"

"नाही, मावशी. तुमच्याकडं आहेत का?"

"माझ्याकडं कशाला ठिवू? दऱ्यात नेल्या. पार तळाला. म्हनलं, रस्ता न्यायचाच आसंल तर तिथनं न्या, जिथं मानूस जात न्हाई."

"आणि बांधल्या कशाला?"

"तिथं दुसरं काय हाय बांधायला? करटुलीलाच बांधल्या."

दरा, म्हणजे अरुंद घळ, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होता. झुंबरबाई सराईतपणे उतरली. मी बहुतेक वाट बसूनच पार केली. तळाला दोन्ही बाजूंनी कातळ, मधे ओल, आणि कातळावर चढलेले करटुलीचे वेल. त्यावर माझ्या चकचकीत फिती अशा टापटीप गाठींनी बांधल्या होत्या, की मलाही तशा जमल्या नसत्या.

"घे लवकर पानं," झुंबरबाई म्हणाली. "फुडल्या म्हैन्यात हितं जेसीबी येनार हाय. पानी आडवायला चर खनायचेत."

मी पानं घेतली. खरं सांगायचं तर त्या वेलांकडून मला काही आशा नव्हती. वेल ते वेलच. पण एवढं घसरत आल्यावर रिकाम्या हातानं वर जाणं बरं दिसलं नसतं.

नगरला परतल्यावर पानं कुटली, डीएनए काढला, मशीन चालवलं. शेवटी तपासणीचा दिवस आला आणि आम्ही अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांचा दिवा लावून पट्ट्या बघितल्या. डोंगरउताराच्या वेलांच्या पट्ट्या एका रांगेत, तीच कवायत. बांधावरच्या वेलांच्या एखाददुसऱ्या पट्टीनं रांग सोडलेली. आणि मग दऱ्यातले वेल. त्यांच्या पट्ट्या वर, खाली, कुठंही, जणू मधली सुट्टी झाली होती. एक मार्कर तपासला, दुसरा तपासला, तिसरा. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दरा वेगळं बोलत होता.

औटी मॅडमनी पुन्हा चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मार्कर डोळस आहेत, निकिता. तू चुकीच्या ठिकाणी बघत होतीस. हे वेल निवडलेस कसे?"

"मॅडम, स्थानिक सहभागातून."

"छान. पद्धतीच्या प्रकरणात सविस्तर लिही."

ते प्रकरण मी अजून लिहितेच आहे. 'नमुन्यांची निवड' या मथळ्याखाली मी आतापर्यंत जे जे लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि म्हणूनच छापण्यासारखं नाही.

मी लगेच सावळदऱ्याला फोन केला. जेसीबी यायचा होता. सरपंचांना सांगितलं, की तुमच्या दऱ्यात जे वेल आहेत तसे मला आजवर दुसरीकडं मिळालेले नाहीत. मग ते म्हणाले, "काय हाय ना, चर वरल्या अंगाला घेता येत्याल. पानी काय, तिथंबी आडंल." एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी खरंच चर वर घेतले, आणि दऱ्याच्या तोंडाशी कारभारींनी स्वखर्चानं काटेरी कुंपण घातलं. शहरातून लोक बघायला येतील, आणि आले की त्यांना चहा लागेल, असा त्यांचा हिशोब होता. हॉटेलचं नाव त्यांनी तेवढं बदललं होतं.

गणपतीनंतर मी पट्ट्यांचा फोटो घेऊन गावात गेले. झुंबरबाईनं फोटो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "यातलं माझं कंचं?"

मी दाखवलं.

"आन कारभाऱ्याच्या बांधावरलं?"

तेही दाखवलं. तिनं दोन्हीवर बोट फिरवून पाहिलं. "माझं येगळं हाय," ती समाधानानं म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "बस. जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

गरम भाकरी, ठेचा आणि करटुलीची भाजी. दुसरी भाकरी निम्मी झाल्यावर मला शंका आली.

"मावशी, ही करटुली कुठली?"

"दऱ्यातली."

"फीत बांधलेल्या वेलांची?"

"मंग? लई येगळी हाय म्हनून तूच सांगतीस, आन पावन्याला साधी घालू व्हय?"

माझा घास हातातच राहिला. त्या वेलांचं बी जपून आण, असं औटी मॅडमनी निघताना मला बजावलं होतं. "सगळी तोडली?"

"पिकली ती ऱ्हाऊ दिली वर. कवळी तेवढी आनली. वेल कुठं पळतोय? फुडल्या वर्सी हाय तिथंच येनार."

माझा जीव भांड्यात पडला. मग मी मुकाट्यानं ताट संपवलं आणि आणखी भाजी घेतली. झुंबरबाई शेजारच्या बायकांना मोठ्यानं सांगत होती, की आपली करटुली अख्ख्या तालुक्यात कुनाकडं न्हाई, मॅडमच्या मशीनवर आलंय तसं. बायका माझ्याकडं बघायच्या. मी मान हलवायचे, तोंड भरलेलं होतं म्हणून बरं.

कारण मार्कर काहीही म्हणोत, चवीला ती अगदी नगरच्या बाजारातल्या करटुलीसारखीच होती. हे मी झुंबरबाईला अजून सांगितलेलं नाही.